माशाचं तेल आणि काकूचं सोवळं

परवा आमच्या अंगणात एक वासरू शिरलं. त्याच्यावरून लिहायला बसलोय... पण आधी मागचं सांगायला हवं.

मार्गशीर्षात मी भटकून घरी आलो. खरं तर गुहागरला निघालेलो, पण हर्ण्याला माशांचा लिलाव बघत बसलो नि बोट चुकली... असो. घरी बघतो तर धाकटी बहीण द्वारकी सासरहून आलेली, माजघरातल्या अंधारात पडून. वय एकोणीस, नि उठायचं तर भिंत धरून, चालायचं तर बदकासारखं डुलत! सासरचा निरोप होता, चालती झाली तर पाठवा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो.

घर काकूच्या हातात, नि तिच्या मते हा वात. वारा लागायला नको म्हणून दारंखिडक्या बंद!

शेवटी बैलगाडीत घालून तिला रत्नागिरीला नेली. डॉक्टरांनी नडगी दाबताच ती किंचाळली. म्हणाले, हाडं मऊ पडलीत, मुलांच्या मुडदुसाचीच ही जात. रोज ऊन द्या नि हे माशाचं तेल पाजा.

"मुडदूस पोरांना होतो रे, एवढ्या घोडीला?" काकू उसळली. "आणि लग्न झालेली बाई अंगणात ऊन खात बसणार?"

मी डोकं फोडून घेतलं. एकदा कशीबशी बाहेर आणली, तर काकूने तिला नखशिखांत घोंगडीत गुंडाळलेली...

काकूच्या सोवळ्यात माशाच्या तेलाचं तर नावच नको. मग एके दिवशी द्वारकीच रडत म्हणाली, "काकू, मला माझ्या घरी जायचंय गो. विष असलं तरी पिईन."

काकूने नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "पी. पण बाटली अंगणाच्या कडेला, गडग्याच्या दगडांवर राहील. बाहेर जाऊन प्यायचं, नि वास जाईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. घोंगडी आत ठेव, तिला वास लागेल."

त्या तेलाचा वास दुपारपर्यंत हलत नाही, म्हणजे तोवर द्वारकी रोज अंगणात, उन्हात! मला ओरडून जमलं नाही ते सोवळ्याने केलं. मी तोंड मिटून बसलो...

तर परवा अंगणात आंब्याची साठं वाळत होती, नि वासरू शिरलं. काकू आतून ओरडली, "अगो, साठं चाटतंय बघ मेलं!"

द्वारकी उठली. भिंत नाही, कोणाचा हात नाही. काठी घेऊन वासरामागे थेट गडग्यापर्यंत गेली.

काकू दारात येऊन बघत राहिली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ये गो, आत ये."

"काकू, वास येतोय अजून," मी म्हटलं.

"येऊ दे मेल्या!"

सोवळ्यावरून मी काकूशी जन्मभर भांडलोय. या उन्हाळ्यापुरता त्याला माझा साष्टांग नमस्कार...