बोरगावचा पंचनामा

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागला की मी उठून जात असे. पटवारी माणूस मी... जे साखळीने मोजता येत नाही, ते मानायचं नाही. तरी हे लिहून राहिलोय, कारण वय झालंय आणि ते पान आता फक्त माझ्या डोक्यात उरलंय.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. कागदपत्रं हिंदीत होणार, म्हणून मराठी शिकलेल्या आम्हा नव्या पटवाऱ्यांना ट्रेनिंगला बसवलं. शिकवायला जबलपूरकडचे एक गुरुजी होते. हिंदी मला बोलता येई, पण सरकारी हिंदीची एक ओळ धड लिहिता येत नसे.

एका सकाळी गुरुजींनी बांधाच्या भांडणाचा पंचनामा तोंडी सांगितला, आम्ही उतरवून घेतला. वह्या तपासताना ते माझ्यापाशी थांबले.

"यह मैंने कब लिखवाया?"

अक्षर माझंच होतं. हिंदी शुद्ध, एकही खाडाखोड नाही. मौजा बोरगाव, संत्र्याची बाग, विहिरीजवळचा बांध. मयत गोविंदा. कुऱ्हाडीचे तीन घाव... मानेवर, खांद्यावर आणि डाव्या हातावर, चार बोटं तुटलेली. मी हे कधी लिहिलं, मला काहीच आठवत नव्हतं!

"भाषा अच्छी है, दिमाग ठिकाने रखो," गुरुजी म्हणाले. वर्ग हसला.

चार दिवसांनी प्रॅक्टिकलसाठी आम्हाला बोरगावला नेलं. दोन चुलतभावांचा बांध मोजायचा होता. विहिरीजवळ उभ्या माणसाला मी नाव विचारलं.

"गोविंदा जी."

वहीतलं नावही हेच होतं. पलीकडे त्याचा चुलतभाऊ रामाजी कुऱ्हाडीने वाळल्या फांद्या तोडत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पुन्हा सगळे हसतील म्हणून मी गुमान साखळी ओढली.

मोजणीत बांध रामाजीच्या बाजूला दोन हात सरकला.

"सरकार बदललं म्हणून माही जमीन खाऊन राहिले काय रे?" रामाजी ओरडला आणि धावून आला.

पहिला घाव मानेवर. गोविंदा गुडघ्यावर आला. मी कुऱ्हाडीचा दांडा धरला, पण रक्ताने हात निसटला. दुसरा घाव खांद्यावर, हाड फुटल्याचा आवाज आला. गोविंदाने डावा हात वर केला... बोटं पाटाच्या चिखलात पडली. मग आम्ही चौघांनी रामाजीला खाली दाबला. तोवर गोविंदा हलायचा थांबला होता.

 गुरुजींनी माझ्या पिशवीतली वही काढली, ते पान फाडलं आणि तिथेच काडी लावली.

"किसी से मत कहना. पुलिस तुम्हें ही पकड़ेगी."

मी नाही सांगितलं. बऱ्याच वर्षांनी माझी बदली बोरगावला झाली. गोविंदाची बायको यमुनाबाई कापूस वेचत होती, तिच्यासमोर मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं. ते नाव, ते घाव माझ्या हातून कसे उतरले, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, हेही सांगितलं.

तिला त्या पानाचं काही नव्हतं. पदराच्या ओट्यातला कापूस तिने खाली ठेवला.

"नाव ठाव होतं ना, भाऊ? मंग एक हाक काऊन नाही मारली?"