आज मोजणीत शांताकाकू राहून गेल्या

मैत्रिणींनो, घरी येऊन तीन तास झाले, पण मन थाऱ्यावर नाही. कोणाला तरी सांगायलाच हवं.

आमच्या मंचरच्या बागप्रेमी गटाची आज नर्सरी बघायची सहल होती. ओझरजवळच्या नर्सरीतून निघताना सगळ्यांना मोजायचं काम माझं. तेवढ्यात एकीची जास्वंदीची कुंडी बसमध्ये कलंडली. त्या गोंधळात मी न मोजताच ड्रायव्हरला म्हणाले, "आल्या सगळ्या, चला."

नारायणगाव ओलांडल्यावर कोणीतरी विचारलं, "शांताकाकू कुठे आहेत?"

काकू बहात्तर वर्षांच्या. फोन लावला, तर तो बसमधल्या त्यांच्याच पिशवीत वाजला. नर्सरीच्या कडेने सगळा ऊस, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असतो हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. गाडी वळवून परत पोहोचेपर्यंत मी खिडकीतून उसाकडेच बघत होते.

काकू फाटकापाशी एका उपड्या क्रेटवर बसल्या होत्या. शेजारी नर्सरीत काम करणारी बाई काठी घेऊन उभी होती. "लई घाबरल्या व्हत्या, पाणीबी पिईनात," ती म्हणाली.

मी माफी मागितली. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "घरी सांगू नको गं. पोरगा पुन्हा कुठं जाऊ देणार न्हाई."

मी हो म्हणाले.

आत्ता त्यांच्या मुलाचा मेसेज आलाय: 'आई आल्यापासून गप्प आहे. काही झालं का?'

अजून उत्तर दिलेलं नाही. चूक माझी आणि शब्दही मीच दिलेला. तुम्ही काय लिहिलं असतं?