मेश्राम काकांचं एल्म

मेश्राम काका आमच्याकडे आले की बेल वाजवायचे नाहीत. सरळ मागच्या अंगणात जायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं, तर हे माकडटोपी घालून बर्फात उभे, एल्मच्या खोडावर हात फिरवतायत! मी दार उघडून ओरडायची, "अहो काका, आत या, गारठाल!" उत्तर ठरलेलं. "थांब वं पोरी, आधी त्याची तब्येत पाहू दे." आमची तब्येत त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

काका मूळचे काटोलचे. वडील संत्र्याच्या बागांमधून कलमं बांधत फिरायचे, आणि काका इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आमच्या लेकीच्या वाढदिवसाला पहिल्यांदा आले, "जय भीम" म्हणाले, प्लेट घेतली आणि ती हातात तशीच धरून अंगणात गेले ते गेलेच. केक कापून झाला तरी हे झाडाखाली. "पानं पाहा याची. अर्धी दुमडलेली. फांद्या कशा झुकल्या! कोण्या नर्सरीनं मुद्दाम तयार केलेली जात आहे ही. रोगाची साथ आली, एल्म मेले, तशी हीही गेली म्हणतात. अन् ही तुझ्याकडे उभी!" विद्यापीठातल्या एका बाईंनी फोटो पाहून "असू शकेल" एवढंच कळवलं. झालं! काकांनी त्याचं "आहेच" करून टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात वादळात खोड उभं चिरलं. छपराकडचा भाग लगेच कापला, पण उरलेलंही काढा नाहीतर पॉलिसी कॅन्सल, असं इन्शुरन्सवाले म्हणाले. मी माणसं बुक केली, तर काका दारात हजर. बेल वाजवून! "जानेवारीपर्यंत थांबव. आत्ताची काडी कलमाला चालत नाही." मग मी इन्शुरन्सवाल्यांशी भांडून मुदत मिळवली. वारा सुटला की लेकीला आमच्या खोलीत झोपवायची आणि काकांच्या नावाने बोटं मोडायची.

जानेवारीत माणसांनी झाड तोडलं. त्याआधी काकांनी पेन्सिलीएवढ्या काड्या कापल्या, ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळल्या, दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरल्या आणि ओळखीच्या घरांमधून फ्रिजमध्ये ठेवायला दिल्या. "एका फ्रिजवर भरवसा ठेवायचा नाही पोरी. गयेचा बोधिवृक्ष तोडला होता ना? पण फांदी आधीच लंकेत रुजली होती. तिचीच लेकरं दीक्षाभूमीवर सावली देऊन राहिली." मी म्हटलं, "काका, त्या फांदीला कुणी दह्याच्या डब्यात नेलं नव्हतं." ते हसले, आणि आणखी एक डबा माझ्या फ्रिजमध्ये कोंबला.

आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी साध्या एल्मची रोपं कुंड्यांत लावली होती, कलमाचे खुंट म्हणून; त्या काड्या यांच्यावर बांधायच्या. तिरपा काप कसा घ्यायचा ते मला शेवग्याच्या शेंगांवर शिकवलं. आठवडाभर घरात शेंगांचीच आमटी, नवरा वैतागला. "मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना!" मी म्हणायची. "काप ना वं," एवढंच म्हणायचे.

मार्चमध्ये काका झोपेतच गेले. मला रडू यायच्या आधी राग आला. माणूस असं अर्ध्यावर टाकून जातो का? त्यांच्या घरी बुद्धवंदना चालू होती, सगळे हात जोडून बसलेले, आणि माझ्या डोक्यात काय, तर फ्रिज! शेवटी न राहवून सगळ्यांना डब्यांचं विचारलं. माझ्या मैत्रिणीने, रश्मीने, कढीपत्त्याच्या काड्या समजून डबा फ्रीजरमध्ये टाकलेला. "टिकतो ना गं फ्रीजरमध्ये!" त्या काड्या मेल्या. दुसऱ्या एका घरी सासूबाईंनी "कसला हा कचरा" म्हणून काड्या फेकल्या, डबा घासला आणि त्यात दही लावलं. दही छान लागलं होतं म्हणे. कपाळ माझं! उरला तो फक्त आमच्या फ्रिजमधला डबा.

एप्रिलमध्ये मी गॅरेजमध्ये कलमं बांधली. बोट कापलं, काकांना शिव्या घातल्या. एकेक काडी वाळत गेली. एका कुंडीत फूट आली म्हणून नाचले, तर ती कलमाच्या खालून, खुंटाची निघाली. खुडून टाकली. मग मे महिन्यात त्याच कुंडीत, कलमाच्या वरचा डोळा फुटला. इवलंसं पान उघडलं, अर्धं दुमडलेलं. मी तिथेच, गाडीच्या बंपरवर बसून हमसून हमसून रडले.

यंदा ते झाड माझ्या खांद्याला लागलंय. काका म्हणायचे ती एल्मची जात हीच का, कोण जाणे. जानेवारीत त्याच्या काड्या कापल्या आणि डबा घेऊन रश्मीच्या घरी गेले. तिने कपाळाला हात लावला. "यार, तू पण?"

"हो, मी पण," मी म्हटलं. "आणि फ्रीजरमध्ये टाकलास ना, तर याद राख."