आपांनी मला मधल्या फळीत बसवलं

डॉ. साजिदा, आम्हा सगळ्यांच्या आपा, गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका माणसाच्या हाताला टाके घालत होते. पलीकडून त्यांची भाची सना म्हणाली, "खाला इज गॉन..." मी टाके पूर्ण केले. अर्धवट सोडून उठले असते तर आपा भडकल्या असत्या. त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत विभागप्रमुख म्हणाले, "अशी गोड, सगळ्यांना सांभाळून घेणारी डॉक्टर पुन्हा होणे नाही." खोटं! आपा गोड नव्हत्या, आणि सांभाळून तर त्यांनी कुणालाच घेतलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी नांदेडची, त्या रत्नागिरीकडच्या. कुवेतमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत त्या सीनियर, मी नवी ज्युनियर. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पुढच्या स्पेशालिस्ट प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा तर सीनियरचं शिफारसपत्र लागतं. हल्ली ते सगळ्यांसाठी एकाच साच्याचं असतं : छापील प्रश्न आणि शेवटी चार चौकटी. आजवरच्या ज्युनियरांत हा उमेदवार कुठे बसतो? पहिल्या दहा टक्क्यांत, वरच्या फळीत, मधल्या, की खालच्या? बहुतेक सीनियर डोळे मिटून पहिल्या चौकटीत खूण करतात. आपांनी माझी खूण मधल्या फळीत केली. वर मला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. "घाई करते. एकदा औषधाचा डोस दहापट लिहिला. कुणाच्या लक्षात यायच्या आधी स्वतःच धावत येऊन सांगितलं. चूक लपवत नाही."

मी रडायलाच लागले. "आपा, सगळ्यांना पहिल्या दहात टाकतात हो!"

"सगळेच पहिल्या दहात? मग उरलेले नव्वद गेले कुठे, खैरानला पिकनिकला?"

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या वर्षी पत्रासाठी पुन्हा त्यांच्याचकडे गेले; का, ते आजही नीट सांगता येणार नाही... त्यांनी मला एक फळी वर चढवलं आणि एकच वाक्य वाढवलं : "घाई कमी झाली." निवड झाली.

शिकून मी त्याच विभागात परतले, तेव्हा प्रमुखांच्या ओळखीतल्या एका ज्युनियर डॉक्टरचं शिफारसपत्र गाजत होतं. आपांनी त्याला खालच्या फळीत बसवलं होतं. प्रमुख माझ्यादेखत म्हणाले, "एक खूण तर सरकवायची आहे, डॉक्टर."

"पेशंटला हात न लावता तपासलं म्हणून लिहितो तो. सरकवा ना तुम्ही. खाली सहीपण तुमचीच ठोका."

पत्र लिहिणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं. त्यांच्या सहीला किंमत उरली नाही. तरी ज्युनियर त्यांच्या महबूला भागातल्या घरी जातच राहिले. मल्याळी, इजिप्शियन, कुवेती, सगळे. चहा मिळायचा, आणि कुठेच न पाठवायचं, पण खरंखुरं पत्र. केमो सुरू झाल्यावरही हे थांबलं नाही. मी चिडून म्हटलं, "कशाला जीव आटवता? कोण वाचणार आहे?"

"ज्याच्याबद्दल लिहिलंय तो वाचतो ना!"

यंदा त्या यादीत माझं नाव आलंय. एका हुशार, पण अजून कच्च्या मुलीला मी मधल्या फळीत बसवलं आणि समोर बसवून तसं सांगितलं. परवा प्रमुखांनी फॉर्म परत पाठवला, कोपऱ्यात पेन्सिलीने "पुनर्विचार करावा." केला. पेन्सिलीची अक्षरं खोडली आणि फॉर्म तसाच पुढे धाडला. नाव कापायचं तर खुशाल कापा. माझं घरही महबूलातच आहे.