उन्हाळ्यासाठी लावलेलं वॅक्स

मला त्या स्नोबोर्डचा पहिल्या दिवसापासून राग होता. एक लांब फळी दोन्ही पायांना घट्ट बांधायची आणि बर्फाच्या उतारावरून स्वतःला सोडून द्यायचं, यात कसली मजा ते मला कधी कळलं नाही. मुलगा म्हणायचा, "आई, तू एकदा ट्राय तर कर." मी म्हणायचे, "माझी हाडं मला अजून हवी आहेत." त्यात त्याने एकदा बोर्ड नीट घसरावा म्हणून माझ्याच इस्त्रीने त्याला वॅक्स, म्हणजे मेण, लावलं आणि मला काही बोलला नाही. ऐन दिवाळीत माझ्या चंदेरी साडीवर हा एवढा तेलकट डाग उमटला, तेव्हा मी ग्लासगोतला आमचा अख्खा रस्ता ऐकेल एवढी ओरडले होते. ती इस्त्री मग त्यालाच देऊन टाकली.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी त्याच इस्त्रीचा प्लग घरामागच्या शेडमध्ये लावून मी त्याच बोर्डसमोर उभी होते.

मार्चमध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत, हायलँड्समध्ये, पातळ बर्फाखाली दडलेल्या खडकावर बोर्ड आपटला आणि मुलगा पाठीवर पडला. बावीस वर्षांचा मुलगा. मणक्याचं ऑपरेशन झालं, चांगलंही झालं, पण आतल्या मज्जारज्जूला झालेली इजा ऑपरेशनने भरून येत नाही. मी डॉक्टर आहे, वृद्धांच्या वॉर्डात काम करते. स्कॅन बघितल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याच्या पायांत आता कधीच ताकद येणार नव्हती. कधीकधी वाटतं, मी दुसऱ्या कुठल्या नोकरीत असते तर निदान दोन-चार आठवडे तरी खोट्या आशेवर काढले असते.

आता यातली गंमत सांगते, म्हणजे मला तरी ती गंमतच वाटते. आपल्या लोकांत आजारी माणसाला त्याचा आजार सांगत नाहीत. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, शेजाऱ्यांना असतं, फक्त त्याला नसतं. माझ्या वडिलांना पुण्यात शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं होतं. माझ्या वॉर्डातही आपल्याकडची कुटुंबं येतात, मला बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, "बाबांना सांगू नका हं, ते खचतील." मी त्यांना चांगलीच फैलावर घेते. आजार त्यांचा आहे, तुमचा नाही, असं तोंडावर सांगते आणि मग त्या म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी बसून सगळं नीट, शांतपणे सांगते. ज्युनिअर डॉक्टरांना ते कसं करायचं हे मी शिकवते.

आणि ऑपरेशननंतर दोनच दिवसांनी मुलाच्या कन्सल्टंटच्या, म्हणजे त्याच्यावर उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरच्या, खोलीत जाऊन मी काय म्हणाले? म्हणाले, "त्याला एवढ्यात सांगू नका."

कन्सल्टंट साधारण माझ्याच वयाच्या, शांत बाई. म्हणाल्या, "तो सज्ञान आहे. त्याने विचारलं तर मी खरं सांगणार. तुम्हाला हे मी सांगायला नको." नकोच होतं. मी मान खाली घालून बाहेर आले आणि त्याने विचारू नये म्हणून कॉरिडॉरमध्ये देवाची प्रार्थना केली. एरवी मी देवाच्या वाटेला फारशी जात नाही.

मग एप्रिलमध्ये एकदा त्याच्या पलंगाशी बसल्यावर मी आपण होऊन बोलून गेले, "पुढच्या सीझनला बघ, परत जाशील तू." नवरा खिडकीकडे वळला. मुलगा छताकडे बघत होता. मग इथेच वाढलेल्या मुलाच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मग बोर्डला स्टोरेज वॅक्स लावली पाहिजे, आई. नाहीतर समरमध्ये बेस ड्राय होतो. एजेस रस्ट होतात. तू करशील?"

मी? पण नाही कसं म्हणणार? त्याने काहीतरी मागितलं होतं आणि ते माझ्या हातात होतं. तेव्हा माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

रविवारी शेडमध्ये दोन स्टुलांवर बोर्ड पालथा ठेवला. नवऱ्याने फोन धरला आणि फोनमधून मुलगा पलंगावर पडल्यापडल्या मला शिकवायला लागला. खडक लागला होता तिथे बोर्डच्या तळाला बोटभर लांब खाच पडली होती आणि शेजारची स्टीलची कड चेपली होती. मी त्या खाचेवरून बोट फिरवत राहिले. "आई, फोकस," फोनमधून आवाज आला. एक काळी प्लॅस्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब खाचेत पाडायचे, गार झाले की वरचं जादाचं तासून सपाट करायचं. मग कडांना कानस. मी आपली सुरी घासावी तशी पुढेमागे घासायला लागले. "नो नो नो! एकाच साइडने, आई. टिप टू टेल. अँड रिलॅक्स युअर शोल्डर्स." मी म्हटलं, "गप रे, मला कळतं." कळत काहीच नव्हतं. नवरा हसला, मुलगाही हसला. कितीतरी दिवसांनी मी त्या दोघांना एकत्र हसताना ऐकलं. शेवटी धार तपासायला कडेवर अलगद नख ओढलं, तर नखाचा पांढरा भुगा निघाला. "परफेक्ट," मुलगा म्हणाला. मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मग वॅक्स. गरम इस्त्रीला वॅक्सची वडी टेकवायची, ओघळ बोर्डवर पाडायचे, मग इस्त्री फिरवत राहायची. एका जागी थांबली की तळ जळतो. "जाडी लावायची," मुलगा म्हणाला, "एजेसवर पण. आता स्क्रेप नाही करायचा. असाच ठेव. विंटरला काढू." बोर्डवर वॅक्सचा जाड, दुधाळ थर बसला. ओबडधोबड दिसत होता, पण मला बरं वाटलं. वेडेपणा होता, पण वाटलं. तो थर हिवाळ्यात काढायचा म्हणजे हिवाळा येणार, आणि तो काढणाराही कुणी असणार. जिने स्कॅन स्वतः वाचला होता, ती मी असा विचार करत होते. येताजाता शेडचं दार उघडून मी त्या बोर्डकडे बघून यायचे.

मुलाने कन्सल्टंटला काही विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी रोज जात होते, भाजी-पोळीचा डबा नेत होते, हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तो फिजिओ करायचा, व्हीलचेअरवर बसायला शिकायचा, आणि मी त्याला म्हणायचे, "हे तात्पुरतं आहे हं." तो मान डोलवायचा. मला वाटायचं, निभतंय.

जूनमध्ये एका संध्याकाळी डबा खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आई, बोर्ड स्क्रेप करून ठेव ना. सॅटर्डेला माझी फ्रेंड न्यायला येणार आहे. ती न्यूझीलंडला चाललीय, तिकडे आता विंटर. मी तिला दिला."

"दिला म्हणजे? आणि तुला पुढच्या सीझनला…"

"आई," तो म्हणाला, "मला माहितीये."

मी डब्याचं झाकण लावायला लागले. ते लागेना. त्याने माझ्या हातातून डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि बाजूला ठेवला.

"पहिल्याच वीकमध्ये मी डॉक्टरला विचारला. तिने सांगितला, एव्हरीथिंग. पण मी तिला म्हटलं, आईला नको सांगू मला माहितीये. शी नीड्स टाइम."

म्हणजे आम्ही दोघांनी एकाच बाईंना एकच विनंती केली होती. मी त्याच्यासाठी केली, त्याने माझ्यासाठी. रविवारभर शेडमध्ये मला कानस धरायला शिकवताना, वॅक्स जाड लाव म्हणताना त्याला सगळं ठाऊक होतं. मला करायला काहीतरी हवं होतं म्हणून त्याने ते दिलं होतं. मला त्याचा राग आला, कन्सल्टंटचा आला, स्वतःचा तर विचारूच नका. रागावण्यापलीकडे मला काहीच करता येत नव्हतं.

"आता तू सांग," तो म्हणाला.

"काय सांगू? तुला तर सगळं माहीत आहे."

"सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टर, फिजिओ, सायकॉलॉजिस्ट. तू नाही सांगितला. तू सांग ना. नॉट लाइक अ डॉक्टर."

असलं वाईट सांगताना कुठे थांबायचं, आवाज कसा ठेवायचा, हात कधी धरायचा, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण ते सगळं इंग्रजीत. मराठीत हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात ते मराठीत कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.  मी त्याच्या पांघरुणाची चुणी सरळ केली.

मग म्हणाले, "बाळा, तुला आता चालता येणार नाही. कधीच नाही येणार रे."

त्याचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. अपघात झाल्यापासून तो माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. आता तो हुंदके देऊन रडायला लागला, शेजारच्या पलंगावरचा माणूस वळून बघेपर्यंत. मी त्याला जवळ घेतलं. त्याला बरं वाटेल असं सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.