डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आमच्या चर्चच्या पाळकांजवळ नाही. प्रार्थनेत — तिथेही नाही. उपासनेत पापांची कबुली द्यायची वेळ येते, सगळी मंडळी मान खाली घालून शांत बसते, तेव्हा मी दुसरं काहीबाही सांगते. चिडचिड केली, सासूबाईंना उलट बोलले, असलं. एवढ्या एका जागेवरून मी वळसा घालून जाते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने की वळसा घेतल्याचंही आता जाणवत नाही.

तुमची माझी ओळख नाही. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

मी भोपाळला पिपलानीत राहते. नवरा कारखान्यात इंजिनिअर, मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. आमची मराठी मंडळी लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. गेली बारा वर्षं मी भेट समितीची प्रमुख आहे. भेट समिती म्हणजे आजारी, म्हातारे, एकटे अशांच्या घरी जाऊन बसायचं. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, थोडं बोलणं, शेवटी प्रार्थना आणि चहा. मी हे काम घेतलं तेव्हा त्याला काही ताळतंत्र नव्हतं. एका घरी दोन-दोन तास गप्पा, दुसऱ्या घरी सहा महिने कुणी फिरकलेलं नाही. मी वही केली. प्रत्येक घराला पंचवीस मिनिटं. रकाने आखले — तारीख, घर, प्रार्थनेचे विषय, पुढे काय करायचं. काम झालं की बरोबरची खूण. सहा महिन्यांत एकही घर सुटेनासं झालं. लोक खूश होते. मीही होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अलीकडे मी शिकवते. मंडळीतल्या नव्या गटपुढाऱ्यांसाठी दर वर्षी शिबिर असतं, त्यातला एक तास माझा. विषय — सेवेत ऐकणं. मध्ये बोलू नका. सल्ल्याची घाई करू नका. समोरचा गप्प झाला की मनातल्या मनात पाच मोजा, बहुतेक वेळा खरी गोष्ट त्यानंतर येते. मी छापील कागद वाटते. इंदूर, इटारसीकडूनही बोलावणी येतात. तासाच्या शेवटी मी एक अनुभव सांगते. एका मावशींना मला काही सांगायचं होतं, मी कामाच्या गडबडीत होते, मी ऐकलं नाही, आणि नंतर त्या वारल्या. इथे मी जरा थांबते. दोघी-तिघी डोळे पुसतात. मागच्या खेपेला एक तरुण पाळक जवळ येऊन म्हणाले, "ताई, एवढ्या मोकळेपणाने आपली चूक सांगणारं माणूस मी पाहिलं नाही."

ती चूक खोटी आहे. मी ऐकलं नाही, हे खोटं आहे.

लीलामावशी तेव्हा सत्तरीच्या होत्या. नवरा कारखान्यात फिटर होता. तो गेल्यावर त्या इथेच, भोपाळच्या अयोध्या नगरला मुलगा-सुनेजवळ राहत. मग मुलाची नोकरी गुजरातेत गेली. तिथलं घर लहान, सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं, आईला नेणं जमणार नाही — तो समितीपुढे येऊन म्हणाला. वाईट माणूस नव्हता. बोलताना सारखा रुमाल हातात फिरवत होता. मी म्हणाले, बघते.

आणि बघितलं. चार तासांच्या अंतरावर एका गावात ख्रिस्ती वृद्धाश्रम आहे. बायकांच्या खोलीत एक जागा रिकामी होती. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, फोटो, मंडळीचं शिफारसपत्र — नऊ दिवसांत सगळं तयार. समितीच्या बैठकीत माझं नाव घेऊन आभार मानले गेले. अर्जाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य होतं, त्याखाली मंडळीच्या प्रतिनिधीने सही करायची होती. अर्जदाराशी मी एकांतात बोलले आहे आणि आश्रमात येण्यास तिची स्वतःची संमती आहे — अशा अर्थाचं. तेवढंच उरलं होतं.

या नऊ दिवसांत मावशींना कुणी विचारलं होतं का? मुलाने सांगितलं होतं. सांगणं आणि विचारणं यांतला फरक मी आता शिबिरात फळ्यावर लिहून दाखवते.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही तिघी गेलो. मावशींनी दार उघडलं आणि माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिलं.

"ये सुलभा. आज देवाला कितीची वेळ दिलीय?"

आम्ही हसलो. त्या नेहमी असंच काहीतरी बोलत. गीत झालं, उतारा झाला. मग त्यांनी उशीखालून शाळेच्या वहीचा एक कागद काढला आणि टीपॉयवर ठेवला. तो माझ्या बाजूने सुलटा केला, हाताने सपाट केला.

"मला जरा बोलायचंय. माझं तोंड भरकटतं, आणि तुला यादी लागते. म्हणून लिहूनच काढलं."

मुलगा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. बरोबरच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बोलू ना मावशी. आधी प्रार्थना करून घेऊ."

तुम्ही आमच्यातले नसाल तर हे कळायला हवं. आमच्याकडे भेटीत प्रार्थना शेवटी असते. ती सुरू झाली की सगळे डोळे मिटतात, मान खाली घालतात, आणि बोलत असलेला माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो. आमेन झालं की चहा, चहा झाला की चपला. एखाद्याचं बोलणं बंद करायचा याहून सभ्य मार्ग आमच्यात नाही. कुणी हरकत घेऊ शकत नाही. प्रार्थनेला कोण हरकत घेणार?

मी मोठ्याने प्रार्थना करू लागले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे. आणि मी तो कागद वाचला.

अक्षर मोठं होतं, पाच मुद्दे होते. मी आश्रमात जाणार नाही. कुसुमने मागची खोली देऊ केली आहे, आमचं दोघींचं ठरलं आहे. तिच्याकडे अंडी-मटण शिजत नाही, मला चालेल. रविवारी चर्चला तिच्या ओळखीचा रिक्षावाला नेईल. मुलाला तू समजाव, तुझं तो ऐकतो.

पाचवा मुद्दा वाचला तेव्हा मी प्रार्थनेत कुठे होते ते मला आठवतं. "प्रभो, तुझ्या या दासीला नव्या ठिकाणी शांती दे." आवाज हलला नाही. पुढे आश्रमाच्या चालकांसाठी, मुलाच्या नव्या नोकरीसाठी, येणाऱ्या बाळासाठीही मागितलं. एकही विषय राहिला नाही.

आमेन सगळे म्हणाले. मावशी म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. किती वेळापासून? ते मला माहीत नाही.

मी कागदाची घडी केली आणि वहीत ठेवली. "घरी नीट वाचते हं मावशी." त्या म्हणाल्या, "वाच." चहा झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेआधी मी त्या वाक्याखाली सही केली आणि वहीत पुढच्या रकान्यात खूण केली. कागद फाडून टाकला.

इथपर्यंतच असतं तर — नाही, इथपर्यंतच नाही.

कुसुमताई म्हणजे मावशींची जुनी शेजारीण. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये दोघींच्या भिंती लागून होत्या. मूळच्या नागपूरकडच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. अयोध्या नगरला त्यांचं छोटं घर आहे. त्या रविवारी उपासना संपल्यावर त्या चर्चच्या ऑफिसात आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. आमच्याकडे त्या दाराशी कुणी चपला काढत नाही, त्यांनी काढल्या.

"मॅडम, लीला बोलली ना तुमच्याशी? मी तर खोली रिकामी करून ठेवली. दोन कपाटं विकून टाकली. आणि आता ऐकून राहिले की तिचं सामान आश्रमासाठी बांधून झालं. ती म्हणे, सुलभाकडे कागद दिला आहे, ती बघेल."

मावशी अजून वाट बघत होत्या. म्हणजे अजून वेळ होता. एक फोन करायचा, अर्ज परत मागवायचा. मला एवढंही कळत होतं की तो फोन मी दहा मिनिटांत करू शकते.

मी म्हणाले, "त्यांनीच ठरवलंय, कुसुमताई. माझ्याशी बोलल्या. आपल्या लोकांत राहायचंय म्हणाल्या."

आपल्या लोकांत. हे शब्द त्या कागदावर नव्हते. मावशींच्या तोंडी ते कधी आले नसते. मी ते त्याच क्षणी तयार केले — आणि नेमके तेच का? कारण त्यावर कुसुमताईंना पुढे काही विचारता येणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं. काय म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही, हे मला नेहमी ठाऊक असतं.

"आपल्या लोकांत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं." चपला घातल्या आणि गेल्या. मावशींकडे गेल्या नाहीत.

मावशींना मी सांगितलं की कागद वाचला, पण कुसुमताईंकडून तसं काही पक्कं नाही असं दिसतं. त्यांनी दोनदा विचारलं, "ती असं म्हणाली?" मी म्हणाले, हो. पुढच्या मंगळवारी मुलगा त्यांना पोचवून आला.

त्या तिथे दीड वर्ष जगल्या. आश्रमाबद्दल माझी तक्रार नाही, स्वच्छ जागा आहे. मी एकदा गेले, पाहणीसाठी. पलंग खिडकीजवळ होता, तसं मी वहीत लिहिलं. त्यांनी विचारलं, "कुसुम बरी आहे ना? फोन उचलत नाही माझा." मी म्हणाले, कामात असतील. मग प्रार्थनेसाठी हात जोडले. त्या म्हणाल्या, "नको गं. आज नुसती बस."

मी चार मिनिटं बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगता येतं. मग मी बसची वेळ झाली म्हणून उठले. ती वेळ झालेली नव्हती. पावसाळ्यात त्या वारल्या. तिथेच पुरलं. मंडळीतर्फे मी फुलं पाठवायची व्यवस्था केली.

मला काही वाटलं का? हे मी स्वतःला विचारून बघितलं आहे. पायाला मुंग्या आल्यावर बोट लावलं तर बोटाला पाय कळतो, पायाला बोट कळत नाही. तसं काहीतरी आहे. आणि कारणं — कारणं आहेत माझ्याकडे. क्रम लावून लिहिली तर बरी दिसतील. म्हणून लिहीत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी पिपलानीच्या बाजारात कुसुमताई भेटल्या. आता त्या काठी घेतात. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होत्या. मला पाहून जरा सरकल्या, जागा केली. घरचं, गुडघ्याचं बोलल्या. मग मेथीकडेच बघत म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? लीलाचे तिथून दोन फोन आले होते मला. मी रागात होते, उचलले नाहीत. काय म्हणायचं असेल हो तिला?"

मी म्हणाले, "मला कसं माहीत असणार, कुसुमताई."

"नाही, मतलब, तुमच्याशी बोलायची ती सारं, म्हणून विचारलं. तुम्ही ऐकून घ्यायच्या ना तिचं."

मी हो म्हणाले.