वाकडी रेघ

पद: मैदान परिचर. कर्तव्य: सामन्यापूर्वी सर्व रेघा नियमानुसार सरळ आखणे. शेरा: आजवर तक्रार नाही.

या निष्कलंक मामांची भाची गोलकीपर होती. दुपारी एक साधा चेंडू तिच्या दोन्ही पायांमधून आत गेला, तेव्हापासून ती खांबाला टेकून बसली होती. संध्याकाळचं धुकं उतरलं होतं आणि गोलचे खांब हवेत तरंगल्यासारखे दिसत होते.

"मामा, उद्या मी उभी राहणार नाही."

"बरं. मग ही चुन्याची गाडी तरी ढकल. माझी कंबर धरलीय."

ती ढकलू लागली, पण मान वळवून गोलकडेच बघत राहिली. साहजिकच रेघ झोपेत चालल्यासारखी वळली. ती घाईघाईने पायाने पुसायला गेली, तसा ओला चुना पसरून गवतावर ढग उतरला.

"पुसू नकोस गं बाई, फराटा वाढतो. पुढची ओढ."

"आणि ही?"

"राहू दे. गवत वाढलं की जाईल."

पुढची रेघ तिने समोर बघून ओढली. धुक्यात ती कुठवर गेली ते दिसलं नाही, पण गेली सरळ.

दुसऱ्या दिवशी ती गोलमध्ये उभी राहिली. समोरची रेघ वाकडीच होती.